प्रयोगशाळेच्या दारातील यतना

दादरहून परळकडे गेले की हाफकिन संस्थेची जुनी वास्तू लागते. प्लेगवरील लस शोधणारे डॉ. हाफकिन यांची प्रयोगशाळा १८९९ मध्ये येथे आली. पुढे याच संस्थेत घोड्यांच्या रक्तापासून सर्पदंशावरील लस तयार होऊ लागली. तिने असंख्य माणसे वाचविली. परंतु घोड्याच्या वेदनेचा हिशेब कोणी ठेवावा, हा प्रश्न अहिंसेच्या उपासकास अस्वस्थ करतो.

इंग्लंडमध्ये अशा प्रयोगांवर १८७६ मध्येच कायद्याचे नियंत्रण आले. आपल्याकडे रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत मांडलेल्या खासगी विधेयकाने चालना मिळून १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा झाला. त्याच्या चौदाव्या कलमाने जीवरक्षक ज्ञानासाठी होणारे प्रयोग वैध ठेवले, पंधराव्याने शासकीय देखरेख समितीची तरतूद केली. सतराव्या कलमाचा आशय असा : शक्य तेथे प्रयोग टाळावेत, पुस्तके, प्रतिकृती वा चित्रपट पुरत असतील तर प्राणी वापरू नयेत, केवळ हातसफाईसाठी तर शक्यतो नव्हेच.

कायद्याने हिंसा थांबविली नाही, हे मान्य केले पाहिजे. तथापि श्रावकधर्मातील यतनेचा, म्हणजे सावधपणाचा, आग्रह त्यात निश्चित आहे. १९९८ चे नियम व त्यांतील दुरुस्त्यांनी संस्थांची नोंदणी आणि प्राणिनीती समिती आवश्यक ठरली. या समितीत विज्ञानक्षेत्राबाहेरील समाजाभिमुख सदस्याचेही स्थान आहे. “दुसरा मार्ग नाही का?” हे विचारण्याचा तो अधिकार आहे. आपल्यातील सुजाणांनी तेथे बसण्याची तयारी ठेवणे, हीच आजची जीवदया होय.