प्रोटिओमिक्स : मानवी रोग आणि पिके

प्रोटिओमिक्स : पेशीत, ऊतीत किंवा सजीवात विशिष्ट वेळी असलेल्या सर्व प्रथिनांचा एकत्रित अभ्यास करणारी जीवविज्ञानाची शाखा. या समुच्चयाला प्रथिनसंच म्हणतात. त्यासाठी ‘प्रोटिओम’ ही संज्ञा मार्क विल्किन्स यांनी १९९४ मध्ये मांडली. सजीवाचा जनुकसंच जन्मभर जवळपास तोच राहतो. प्रथिनसंच मात्र वय, आहार, आजार, पाण्याचा ताण यांनुसार बदलतो. माणसात प्रथिने घडवणारी जनुके सुमारे २०,००० आहेत; पण एकाच जनुकापासून अनेक प्रथिनरूपे होतात, आणि तयार प्रथिनाला पुढे फॉस्फेट किंवा शर्कराही जोडली जाते.

पद्धती : नमुन्यातील प्रथिनांचे ट्रिप्सिन या विकराने तुकडे करतात, ते वेगळे करून मास स्पेक्ट्रोमीटरने त्यांचे वस्तुमान मोजतात आणि ज्ञात क्रमांशी ताडून मूळ प्रथिन ओळखतात. मोठे रेणू न मोडता आयनरूपात आणण्याच्या पद्धतींसाठी जॉन फेन व कोइची तानाका यांना २००२ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पुरस्कारात वाटा मिळाला. मुबलक प्रथिनांमुळे विरळ प्रथिने झाकली जाणे, ही मुख्य अडचण. रक्तद्रवात निम्म्याहून अधिक प्रथिन अल्ब्युमिन असते. हिरव्या पानातील विद्राव्य प्रथिनांत रुबिस्कोचा वाटा निम्म्यापर्यंत जातो. म्हणून ती बऱ्याचदा आधी बाजूला काढावी लागतात.

मानवी रोग : अमायलॉइडतेत चुकीच्या घडीची प्रथिने अवयवांत साचतात. साचलेले प्रथिन कोणते यावर उपचार ठरतो, आणि ऊतीच्या सूक्ष्म तुकड्यातून ते मास स्पेक्ट्रोमीटरने ओळखता येते. रुग्णाच्या नमुन्यातून वाढवलेल्या जिवाणूंची ओळखही त्यांच्या प्रथिनांच्या वस्तुमानावरून काही मिनिटांत पटते. २०१४ मध्ये मानवी प्रथिनसंचाचे दोन कच्चे आराखडे प्रसिद्ध झाले. त्यांपैकी अखिलेश पांडे यांच्या गटाच्या कामात बंगळूरच्या इन्स्टिट्यूट ऑफ बायोइन्फर्मेटिक्सचा मोठा सहभाग होता. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत हिवतापाच्या रुग्णांच्या रक्तातील प्रथिनांवर संशोधन झाले आहे.

पिके : दिल्लीच्या राष्ट्रीय वनस्पती जीनोम संशोधन संस्थेने पाणी तोडलेल्या हरभऱ्याच्या पेशीबाह्य आवरणातील प्रथिनांचे बदल नोंदवले. ओलावा घटल्यावर रोप कोणती संरक्षक प्रथिने वाढवते हे अशा अभ्यासांतून कळते, आणि कोरडवाहू वाणांच्या निवडीसाठी त्यातून धागे मिळतात. गव्हातील ग्लुटेन व भुईमुगातील ॲलर्जीकारक प्रथिने यांच्या अभ्यासात पीक आणि मानवी आरोग्य हे दोन्ही विषय एकत्र येतात.

पडताळणी : २००२ मध्ये रक्तातील प्रथिनांच्या आकृतिबंधावरून अंडाशयाचा कर्करोग ओळखता येतो, असा दावा झाला, पण इतर संशोधकांना तो पुन्हा सिद्ध करता आला नाही. नमुना कसा घेतला, किती वेळ ठेवला, यंत्र कोणत्या दिवशी चालवले यांमुळेही आकडे बदलतात. त्यामुळे रोगदर्शक म्हणून सुचवलेले प्रथिन वेगळ्या रुग्णगटांत, आणि ताणसहनाशी जोडलेले प्रथिन अनेक हंगामांत प्रत्यक्ष शेतावर तपासल्यावरच ते निदानासाठी किंवा वाणनिवडीसाठी वापरणे योग्य ठरते.