कोटाबाहेरचे गाव

दिवाळीच्या सुट्टीत एकदा बाबूपेठेतल्या एका म्हाताऱ्या बाईंना मी विचारले, "आजी, कुठे निघालात?"

"चांद्याले जाऊन येतो, गुरुजी," त्या म्हणाल्या.

मला हसू आले. बाबूपेठ तर चंद्रपूरच्याच महानगरपालिकेत; मग चांद्यातून चांद्याला जायचे कसे? पण घर येईपर्यंत माझे हसू विरले. आजी बोलल्या ते इतिहासाला धरूनच होते.

गोंड राजा खांडक्या बल्लाळशाह बल्लारपुराहून शिकारीला निघाला आणि झरपटीच्या पाण्याने त्याची व्याधी बरी झाली, असे आख्यायिका सांगते. तिथेच एका सशाने त्याच्या कुत्र्याचा पाठलाग केला. ससा ज्या वाटेने फिरला, त्याच वाटेवर कोट बांधला गेला म्हणे. पुढच्या राजांनी तो पुरा केला. त्याला ४ दरवाजे ठेवले : जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा आणि बिनबा; शिवाय ५ खिडक्या. सशाच्या त्या रिंगणात बाबूपेठ, लालपेठ आली नाहीत. ती कोटाबाहेरच राहिली.

बाहेर राहिली म्हणून ती दरिद्री होती असे मात्र कोणी समजू नये. रायप्पा नावाच्या एका धनिक वैश्याने शिवाचे भव्य देवालय उभारण्यासाठी प्रचंड शिळांतून मूर्ती घडवल्या. देवालय झालेच नाही. मूर्ती उघड्यावर राहिल्या. दशमुखी दुर्गेला तर लोक रावणच म्हणू लागले! पुढे लालपेठेच्या पोटात कोळसा सापडला आणि खाणींच्या मागून माणसे आली.

१८६७ साली चांद्याला नगरपालिका मिळाली. वस्ती कोट ओलांडून वाढत गेली. २०११ मध्ये महानगरपालिका झाली. आता कर भरायचा तो तिथेच, नळाची तक्रार करायची तीही तिथेच.

हे आपल्याकडेच घडते असे नाही. जपानात १८८८-८९ च्या सुमारास ७१,३१४ गावे-नगरे एकमेकांत मिळवून १५,८५९ केली. १९५३ नंतर आणखी एक लाट आली. १९९९ ते २०१० या काळात तर ३,२३२ ची १,७२७ उरली. शाळा, रस्ते, दप्तर यांचा खर्च लहान गावाला पेलत नाही, हे कारण खरेच आहे. आजींच्या घरी नळ आला तोही शहराच्याच पैशाने. विलीनीकरणाला नावे ठेवणे मला जमणार नाही.

पण वर्गात मी विचारले, "रायप्पाच्या मूर्ती कुठे आहेत?" मुले एका सुरात म्हणाली, "चंद्रपुरात." एकाच्याही तोंडी लालपेठेचे नाव आले नाही, आणि त्यांतली दोन मुले तर लालपेठेतलीच होती.

म्हणून वाचकहो, यंदा फराळाला बसाल तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्यांना एवढे विचारा : आपली पेठ पूर्वी कोणते गाव होती? सांगणारे घरात आहेत, तोवरच विचारता येईल.