बर्फावर चार चाकांची परीक्षा

ऑस्ट्रिया देशात, स्टायरिया आणि कॅरिंथिया ह्या दोन प्रांतांच्या सीमेवर, आल्प्स पर्वतात टुराखर होहे नावाची एक खिंड आहे. खिंडीतून जाणाऱ्या रस्त्याची चढण काही ठिकाणी शंभरास तेवीस इतकी तीव्र आहे. जानेवारी १९७८ मध्ये हा रस्ता बर्फाखाली गेला असता जर्मनीच्या आउडी कंपनीतील अभियंत्यांनी एक मोटार तेथे आणली. तिच्या चाकांना साखळ्या बांधलेल्या नव्हत्या. एवढेच नव्हे, तर तिचे टायरही उन्हाळ्यात वापरावयाचे साधे टायर होते. मालक असलेल्या फोक्सवागन कंपनीच्या अधिकाऱ्यांसमक्ष ती मोटार चढण चढून वर गेली. एका नव्या वाहनाच्या भवितव्याचा निर्णय व्हावयास ही चढाई पुष्कळ अंशी कारणीभूत झाली.

हा चमत्कार नव्हे, साधे गणित होय. मोटारीला पुढे ढकलण्याचे काम इंजिन करीत असले, तरी त्या ढकलण्याला मर्यादा घालते ते टायर व रस्ता ह्यांमधील घर्षण. कोरड्या डांबरी रस्त्यावर हे घर्षण चाकावर पडणाऱ्या भाराच्या सुमारे आठ-दशांश असते. दाबून बसलेल्या हिमावर ते दोन ते तीन-दशांशांवर येते, आणि नितळ बर्फावर जेमतेम एक-दशांश उरते. आता, ज्या मोटारीची दोनच चाके इंजिनाने फिरतात, तिला केवळ त्या दोन चाकांवर पडलेल्या भाराचाच उपयोग. उरलेला भार ती निव्वळ ओझे म्हणून ओढीत असते. अशा मोटारीस हिमावर शंभरास पंधराची चढणही कठीण. चारही चाके फिरू लागली म्हणजे सगळाच भार कामी येतो, आणि तेवीसची चढण आवाक्यात येते.

ही युक्ति जुनीच होती. हॉलंडमधील स्पायकर बंधूंनी १९०३ सालीच चारही चाकांना चालना देणारी शर्यतीची मोटार बांधली होती. १९६१ मध्ये इंग्लंडात औल्टन पार्कच्या ओल्या मार्गावर स्टर्लिंग मॉस ह्याने फर्ग्युसन कंपनीची तशीच मोटार चालवून गोल्ड कप जिंकला. त्याच फर्ग्युसनच्या पद्धतीवर १९६६ मध्ये जेन्सन एफएफ ही वेगवान प्रवासी मोटार बाजारात आली. परंतु ती फार महाग होती, आणि तिची अवघी ३२० वाहने तयार झाली. जपानमध्ये सुबारू कंपनीने १९७२ पासून चार चाकांची चालना साध्या मोटारीत आणली. तरीही सामान्य समजूत अशीच राहिली की, ही पद्धत शेतकऱ्याच्या, वनरक्षकाच्या किंवा सैनिकाच्या जीपला शोभणारी. वेगाशी तिचे नाते नाही.

बर्फावरील शर्यतींत तोवर निराळेच डावपेच चालत. माँटे कार्लोची हिवाळी रॅली स्वीडनच्या एरिक कार्लसनने १९६२ व १९६३ अशी लागोपाठ दोन वर्षे जिंकली, ती लहानशा साब मोटारीतून. ह्या मोटारीचे इंजिन पुढे, आणि चालनाही पुढच्याच चाकांना. १९६८ ते १९७० ह्या तीन वर्षी तोच मान पोर्श ९११ ने मिळविला. तिचे इंजिन मागे, व चालना मागच्या चाकांना. वरवर परस्परविरुद्ध दिसणाऱ्या ह्या दोन्ही रचनांचे मर्म एकच होते : इंजिनाचे वजन फिरणाऱ्या चाकांवरच पडले पाहिजे.

१९७६-७७ च्या हिवाळ्यात आउडीचे अभियंते फिनलंडमध्ये चाचण्या घेत होते. सोबत सैन्यासाठी बनविलेले इल्टिस नावाचे एक वाहन होते. उंच, बोजड, आणि शक्ति अवघी ७५ अश्वबळांची. परंतु हिमावर व बर्फावर ह्या वाहनाने अधिक शक्तिमान मोटारींना मागे टाकले. यॉर्ग बेन्सिंगर ह्या अभियंत्याच्या मनात ही गोष्ट रुतून बसली. इल्टिसची रचना आणि वेगवान मोटारीचे इंजिन एकत्र आणले तर? फेब्रुवारी १९७७ मध्ये त्याने ही कल्पना तांत्रिक विभागाचे प्रमुख फर्डिनांड पीएख ह्यांच्यापुढे मांडली, आणि वाल्टर ट्रेझर ह्यांच्याकडे योजनेची सूत्रे देण्यात आली.

अडचण एक होती. मोटार वळते तेव्हा पुढची चाके मागच्या चाकांपेक्षा लांबचा मार्ग आक्रमितात. दोन्ही आसे एकमेकांस जखडलेले असले, तर अरुंद वळणावर मोटार अडखळत, उड्या घेत चालते. त्यासाठी दोन आसांच्या मध्ये आणखी एक डिफरन्शियल हवे. पण त्यास लागणारी जड पेटी वेगवान मोटारीत कोठे बसवावयाची? फ्रान्झ टेंगलर ह्याने सुचविलेला उपाय त्याच्या साधेपणामुळेच लक्षात राहतो. गिअरबॉक्समधील २६.३ सेंटिमीटर लांबीचा एक दांडा त्याने पोकळ केला. इंजिनाची शक्ति ह्या पोकळ दांड्यातून मागच्या डिफरन्शियलकडे जाते, आणि तिचा अर्धा वाटा त्याच पोकळीत बसविलेल्या दुसऱ्या दांड्यातून पुढच्या चाकांकडे परत येतो. निराळी पेटी नको, आणि तिचे वजनही नको. ३ मार्च १९८० रोजी जिनीव्हा येथील प्रदर्शनात २०० अश्वबळांची ‘क्वाट्रो’ लोकांपुढे आली. प्रारंभी केवळ ४०० मोटारी बांधण्याचा विचार होता. १९९१ पर्यंत ११,४५२ बांधल्या गेल्या.

जानेवारी १९८१ मध्ये माँटे कार्लो रॅलीत फिनलंडच्या हान्नू मिक्कोलाने ही मोटार उतरविली. पहिल्याच हिमाच्छादित टप्प्यात त्याने आपल्यापूर्वी एक मिनिट आधी निघालेल्या लान्सिया स्ट्राटोस मोटारीस गाठून मागे टाकले. पुढे त्याची आघाडी कित्येक मिनिटांची झाली, आणि मग अपघात होऊन ती सारी मातीस मिळाली. विजय झाँ रान्योत्तीच्या रेनॉ मोटारीस मिळाला. परंतु पुढच्याच महिन्यात मिक्कोलाने स्वीडनची हिमरॅली जिंकली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इटलीतील सान रेमो येथे मिशेल मूताँ ही फ्रेंच महिला सहचालक फाब्रित्सिया पॉन्स हिच्यासह विजयी झाली; जागतिक मालिकेतील रॅली जिंकणारी ती पहिली स्त्री.

तथापि यंत्राची मर्यादाही लौकरच दिसून आली. १९८३ साली माँटे कार्लोचा मार्ग बव्हंशी कोरडा होता. त्या वर्षी वाल्टर र्‍योर्ल ह्याने मागच्या दोन चाकांवर चालणारी हलकी लान्सिया चालवून विजय मिळविला, आणि क्वाट्रो तिसऱ्या क्रमांकावर राहिली. १९८४ मध्ये हिमवर्षाव भरपूर झाला. आता र्‍योर्ल आउडीकडे होता; पहिले तिन्ही क्रमांक क्वाट्रोने घेतले. चालक तोच, शर्यत तीच. बदलला होता तो पायाखालचा रस्ता.

शिवाय क्वाट्रोचे इंजिन पुढच्या आसाच्याही पुढे होते. त्यामुळे वळणावर तिचे नाक सरळ जाऊ पाही. स्कँडिनेव्हियाच्या चालकांना ह्यावरचा उतारा ठाऊक होता. उजवा पाय ॲक्सलरेटरवर तसाच ठेवून डाव्या पायाने ब्रेक दाबावयाचा, म्हणजे भार पुढे येतो, मागची बाजू सैल होते आणि मोटार वळते. किंवा वळणापूर्वी मोटार क्षणभर उलट दिशेस झुकवावयाची, म्हणजे लंबकाप्रमाणे ती आपोआप इच्छित दिशेस फिरते. टायर अरुंद, खिळे ठोकलेले, सैल हिम कापून खालच्या कठीण थरास पकडणारे. ह्या कौशल्याविना चारही चाकांची शक्ति चालकास वळणावर वाचवू शकत नाही.

येथेच ह्या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचा धडा आहे. चालना देणारी चाके दोन असोत की चार, ब्रेक मात्र प्रत्येक मोटारीस चारही चाकांना असतात. म्हणून चार चाकांची चालना मोटारीस लौकर धावावयास लावते. लौकर थांबविण्याची शक्ति तिच्यात नाही. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार ब्रेक दाबल्यावर कोरड्या रस्त्यावर सुमारे १८ मीटरांत थांबते. नितळ बर्फावर तिलाच १४० मीटर लागतात. शून्य अंशाच्या आसपास, बर्फावर पाण्याचा सूक्ष्म थर असताना, तर तो अधिकच निसरडा होतो. दोन चाकांची मोटार जागीच घसरून चालकास सावध करते. चार चाकांची मोटार ही सूचना देत नाही, आणि चालकास धोक्याची कल्पना पहिल्या वळणावर येते.

क्वाट्रोने दाखविलेल्या मार्गाने पुढे इतर कंपन्या गेल्या. शक्ति वाढत वाढत माणसाच्या आटोक्याबाहेर गेली. २ मे १९८६ रोजी कॉर्सिकामध्ये, कोरड्या रस्त्यावर, हेन्री टोइव्होनेन आणि त्याचा सहचालक सेर्जो क्रेस्तो हे चार चाकांच्या लान्सियात मृत्युमुखी पडले. त्या गटातील मोटारींच्या जागतिक शर्यती त्याच वर्षाअखेर बंद झाल्या.

आज हे तंत्र सामान्य कुटुंबाच्या मोटारीतही आले आहे. २०२० साली अटल बोगदा खुला झाल्यापासून मनालीहून लाहौलकडे हिवाळ्यातही वाहने जातात, आणि ज्यांनी आयुष्यात हिम पाहिलेले नाही अशा मैदानी मुलखातील चालकांची त्यांत भर असते. मोटार चारही चाकांनी चढण चढते, तेव्हा चालकास वाटते की रस्ता आपल्यास वश झाला. पण चढणीनंतर उतार असतोच. टुराखर होहेच्या चढणीवर चार चाकांनी आपले सामर्थ्य सिद्ध केले. उतारावर मात्र परीक्षा नेहमीच चालकाच्या विवेकाची असते.