खिडकीबाहेरची आगगाडी

न्यूयॉर्क शहरांतील मॅनहॅटन बेटाच्या उत्तर टोकास इनवुड नांवाची वस्ती आहे. तेथें लोखंडी खांबांवर उंच बांधलेला लोहमार्ग १९०६ सालीं सुरू झाला. त्या मार्गापासून सुमारें २२० फुटांवर सार्वजनिक शाळा क्रमांक ९८ ची इमारत आहे. शाळेच्या एका बाजूच्या वर्गांच्या खिडक्या लोहमार्गाकडे उघडत; दुसऱ्या बाजूचे वर्ग आडोशास होते.

१९७५ च्या सुमारास शाळेच्या वेळांत दर साडेचार मिनिटांनीं एक गाडी जाई आणि तिचा गडगडाट जवळजवळ अर्धा मिनिट टिके. त्या वेळीं मार्गाकडील वर्गांत आवाज ८९ डेसिबलपर्यंत चढे. पलीकडील वर्गांत तो ५९ च्या आसपास राही. अशा कल्लोळांत शिक्षकानें एक तर ओरडून बोलावें, नाहीं तर वाक्य अर्धवट सोडून गाडी जाईपर्यंत स्वस्थ राहावें. मग तुटलेला धागा जोडण्यांत आणखी वेळ जाई. पालकांची तक्रार होतीच. परंतु गोंगाटानें मुलांचें नुकसान होतें यास पुरावा काय, हा प्रश्न होता.

तो पुरावा मानसशास्त्रज्ञ आर्लीन ब्रॉन्झाफ्ट यांनीं मिळविला. त्यांनीं व डेनिस मॅकार्थी यांनीं दोन्ही बाजूंच्या मुलांचे वाचनपरीक्षेंतील गुण ताडून पाहिले. शाळा एक, वस्ती एक. भेद काय तो खिडकीचा. १९७५ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधाप्रमाणें, गोंगाटाकडील मुलें सहावीपर्यंत वाचनांत जवळजवळ एक वर्ष मागें पडलीं होतीं.

बुडालेला वेळ हें याचें एक कारण. दुसरें अधिक खोल आहे. सतत गोंगाटांत बसणारें मूल ऐकूं येणाऱ्या आवाजाकडे दुर्लक्ष करावयास शिकतें, आणि त्या संवयीनें गाडीबरोबर शिक्षकाचे शब्दहि मनाबाहेर राहतात, असें अनेक अभ्यासकांचें मत आहे.

पुढें शाळेजवळील रुळांखालीं रबराच्या गाद्या बसविण्यांत आल्या व गोंगाटाकडील वर्गांना ध्वनि शोषून घेणारीं छतें लावण्यांत आलीं. त्यानंतर पुन्हा गुण ताडले, तेव्हां दोन्ही बाजूंच्या मुलांत फरक उरला नव्हता. हा निष्कर्ष १९८१ सालीं प्रसिद्ध झाला. जर्मनींत म्यूनिकचा जुना विमानतळ १९९२ सालीं बंद होऊन दुसऱ्या जागीं नवा सुरू झाला, तेव्हांहि असाच अनुभव आला. जुन्या विमानतळाजवळील मुलांचें वाचन व स्मरण सुधारलें; नव्याजवळील मुलांचें खालावलें.

भारतांत २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनीं शाळा, इस्पितळें व न्यायालयें यांभोंवतीं शांतता क्षेत्राची तरतूद केली आणि अशा क्षेत्रासाठीं दिवसा ५० डेसिबलची मर्यादा ठरविली. हमरस्त्यावरील कित्येक वर्गांत ही मर्यादा रोज ओलांडली जाते, आणि निकाल लागला कीं दोष मुलाच्या माथीं येतो. इनवुडमध्यें पुरावा मिळेपर्यंत गाडीकडील किती मुलें मठ्ठ ठरलीं असतील, याची गणना कोण करणार? एखादें मूल वाचनांत मागें पडलें, तर त्याच्या बुद्धीस नांव ठेवण्यापूर्वीं त्याच्या वर्गाची खिडकी कोणीकडे उघडते, हें आधीं पाहावें.