बोलण्यासाठी जन्मलेला कान

‘कोणता हेडफोन घेऊ?’ हा प्रश्न बेंगळुरूत राहणाऱ्या मराठी माणसाला गावाकडच्या नातेवाइकांकडून हमखास येतो. संगणकवाल्यांच्या शहरात राहतो म्हणजे याला यंत्रांतलं कळत असणार, असा हिशेब. मी कंपनी आणि किंमत सांगण्याआधी दूरवाणीनगरपासून सुरुवात करतो. विचारणाऱ्याचा धीर सुटतो, पण मला दुसरीकडून सुरुवात करता येत नाही.

दूरवाणीनगर जुन्या मद्रास रस्त्यावर, कृष्णराजपुरमच्या अलीकडे आहे. १९४८ मध्ये तिथे इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज, म्हणजे सगळ्यांच्या तोंडची आयटीआय, उभी राहिली. आपल्या घरांतल्या कोपऱ्यात विणलेल्या रुमालावर बसलेला तो जड काळा फोन बहुतेक याच कारखान्यातून आलेला असायचा. कन्नडमध्ये टेलिफोनला दूरवाणी म्हणतात. मराठीत आपण दूरध्वनी म्हणतो. मला कन्नड शब्द अधिक खरा वाटतो, कारण त्या तारेतून वाणीच जात होती, सगळा ध्वनी कधीच गेला नाही. एका तारेवरून अनेक संभाषणं न्यायची तर प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम ४,००० हर्ट्झची गल्ली येई, आणि तिच्यातला ३०० ते ३,४०० हर्ट्झचा पट्टा वापरात येई. बोलणं कळायला तो पुरतो. बोलणारा कोण आहे, रागात आहे की आजारी, हेही कळतं. पण त्या पट्ट्यातून तंबोरा पाठवून बघा.

काळी एकमध्ये लावलेल्या पुरुषी तंबोऱ्याचा हिशेब असा आहे. पंचमाची तार सेकंदाला सुमारे १०४ कंपनं करते, जोडाच्या तारा १३९, आणि खर्ज ६९. चारही तारांचे मूळ स्वर ३०० च्या खाली आहेत. म्हणजे फोनवर तंबोऱ्याचा एकही मूळ स्वर धडपणे पोचत नाही. तरीही पलीकडच्या माणसाला तंबोरा वाजतोय हे कळतं, कारण आपला कान वरच्या उपस्वरांवरून खालचा हरवलेला स्वर मनातल्या मनात भरून काढतो. गंमत म्हणजे खर्जाच्या तारेतून आपोआप उमटणारा स्वयंभू गांधार या पट्ट्यात बसतो. तो पाचवा उपस्वर, म्हणजे ६९ ची पाचपट, साधारण ३४६. तो दारातून जेमतेम आत येतो. पण ज्या जवारीमुळे तो एवढा स्पष्ट होतो, त्या जवारीची वरची चमक ३,४०० च्या रेषेवर तुटते.

ही जवारी म्हणजे काय, याचं उत्तर शोधणारा माणूसही पुढे बेंगळुरूचाच झाला. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ मध्ये, कलकत्त्यात असताना, भारतीय तंतुवाद्यांवर एक निबंध लिहिला. तार जिथे छेडली तिथे ज्या उपस्वरांचं कंपन शून्य असायला हवं, ते उपस्वर तिच्यातून निघू नयेत, असा युरोपात मान्य झालेला नियम होता. तंबोऱ्यातून ते निघतात, आणि ठसठशीत निघतात. रामन यांनी कारण दाखवलं घोडीत. तंबोऱ्याची घोडी सपाट-गोलसर असते, तिच्यावर तार दर कंपनाला हलकेच घासते, आणि तारेखाली सरकवलेला सुताचा दोरा ती घासण्याची जागा ठरवतो. मिरजेच्या कारागिराला हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं. तो कानसेचे दोन हात घोडीवर फिरवून आणि दोरा केसभर सरकवून तेच करत होता. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते या हातांच्या कामाला. रामन १९३३ मध्ये भारतीय विज्ञान संस्थेत आले आणि १९४८ मध्ये याच शहरात त्यांची स्वतःची संशोधन संस्था सुरू झाली. एकाच वर्षी एकाच शहरात दोन दारं उघडली: एक वाणी वाहून नेणाऱ्या यंत्राचं, दुसरं तंबोऱ्याचं गूढ उकलणाऱ्या माणसाचं. हेडफोनची वंशावळ मी या दोन दारांच्या मधूनच वाचतो.

वंशावळीचा मूळ पुरुष अर्थातच टेलिफोनचा कर्णा. टेलिफोन केंद्रातल्या ऑपरेटरांना दिवसभर एक हात अडकवून बसणं परवडणारं नव्हतं, म्हणून कर्णा डोक्यावर चढला. १८९१ मध्ये अर्नेस्त मर्काद्ये या फ्रेंच अभियंत्याने कानात घालायच्या जोडीचं पेटंट घेतलं. वजन ५० ग्रॅमच्या आसपास आणि कानाला घासू नये म्हणून टोकांना रबर. आजचे बड्स हा फार नवा शोध आहे असं वाटणाऱ्याने हे चित्र जरूर पाहावं.

संगीत मात्र त्याच्याही आधी या तारेत शिरलं होतं. १८८१ च्या पॅरिसच्या विद्युत प्रदर्शनात क्लेमाँ आदेरने ऑपेराच्या रंगमंचाच्या दोन्ही बाजूंना ध्वनिग्राहक बसवले आणि त्यांच्या तारा प्रदर्शनाच्या दालनात आणल्या. लोक दोन्ही कानांना एकेक कर्णा लावून ऐकत. गायक डावीकडून उजवीकडे गेला तर तो तसा चालत गेल्याचं त्यांना ऐकू येई. स्टिरिओ हा शब्द घरोघरी पोचायला पाऊणशे वर्षं होती. पुढे पॅरिसमध्ये वर्गणी घेऊन घरबसल्या ऑपेरा ऐकवणारी सेवा निघाली आणि ती १९३२ पर्यंत चालली. यंत्र बोलण्यासाठी घडलेलं होतं, तरी माणसाने पहिल्या संधीला त्यातून गाणं ऐकायचा हट्ट धरला. मला या सगळ्या इतिहासातली ही सर्वांत आवडती गोष्ट वाटते.

पण हट्टाला यंत्राची साथ नव्हती. १९१० मध्ये अमेरिकेतल्या युटा प्रांतात नॅथॅनियल बाल्डविनने स्वतःच्या स्वयंपाकघरात हेडफोन घडवले आणि अमेरिकी नौदलाला पाठवले. नौदलाला ते पसंत पडले. आवाज मोठा करणारी साधनं तेव्हा हाताशी नव्हती, म्हणून बाल्डविनने आपली सगळी कारागिरी संवेदनशीलतेवर खर्च केली: दूरच्या जहाजावरून आलेला क्षीण संदेश चुकू नये. त्या काळच्या हेडफोनात चुंबकासमोर लोखंडाची पातळ चकती थरथरत असे, आणि अशा चकतीला स्वतःचाच एक सूर असतो, तोही नेमका बोलण्याच्या पट्ट्यात. संदेशाला त्याने मदत होते, गाण्यात मात्र तो सूर प्रत्येक स्वरावर आपला रंग चढवतो. चकतीऐवजी हलक्या पडद्याला तारेचं वेटोळं चिकटवून ते चुंबकात हलवायचं, ही स्पीकरमधली युक्ती हेडफोनात आणली बर्लिनच्या ऑयगेन बायरने, डीटी ४८ मध्ये, १९३७ च्या सुमारास. आजचे बहुतेक हेडफोन त्याच घराण्यातले. १९५८ मध्ये अमेरिकेत मिलवॉकीच्या जॉन कॉस या जॅझ वाजवणाऱ्या माणसाने स्टिरिओ रेकॉर्डसाठी खास हेडफोन काढले. १९६८ मध्ये सेनहायझरच्या एचडी ४१४ ने मागची बाजू उघडी ठेवून डब्यात बोलल्यासारखा कोंदट आवाज घालवला. १९७९ मध्ये सोनीच्या वॉकमनबरोबर ४५ ग्रॅमचा हेडफोन आला आणि गाणं रस्त्यावर चालू लागलं.

बेंगळुरूत या काळात काय चाललं होतं? वाणीचंच राज्य होतं. म्हैसूरचे मानसशास्त्राचे प्राध्यापक एम. व्ही. गोपालस्वामी यांनी १९३५ मध्ये घरातून नभोवाणी केंद्र सुरू केलं. आकाशवाणी हे नाव तिथलं, पुढे ते साऱ्या देशाचं झालं. पुन्हा वाणीच! ते केंद्र १९५५ मध्ये बेंगळुरूत आलं. आपल्या आधीच्या पिढीने रागदारी ऐकली ती मध्यम लहरींवर, आणि घरातल्या साध्या रेडिओतून साडेचार-पाच हजारांच्या पुढचं फारसं काही येत नसे. तरी त्यांचा कान तयार झाला, हे विसरून चालणार नाही. जलहळ्ळीच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६१ पासून रेडिओचे व्हॉल्व्ह बनवायला घेतले. ते जुने व्हॉल्व्ह आजही व्हॉल्व्हचे अ‍ॅम्प्लिफायर बांधणारे शौकीन जपून ठेवतात. आणि १९७०च्या दशकाच्या अखेरीस हिंदुस्थान एरोनॉटिक्समधले अभियंते आणि बासरीवादक जी. राज नारायण यांनी इलेक्ट्रॉनिक तंबोरा बनवला. त्यांच्या रॅडेल कंपनीची ती पेटी पुढे पुण्या-मुंबईच्या गाण्याच्या क्लासांत आणि रात्रीच्या एसटीने कार्यक्रमाला निघालेल्या कलावंतांच्या पिशव्यांत पोचली. छोट्या स्पीकरातून ६९ कंपनांचा खर्ज निघणं कठीणच, पण भोपळा फुटण्याची धास्ती गेली.

मग आलं संगणकांचं शहर. १९८५ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने इथे आपलं चिपची रचना करण्याचं केंद्र उघडलं. नव्वदीच्या शेवटी कॉल सेंटर आली आणि हजारो तरुण रात्रभर एका कानाला लावलेला, तोंडासमोर मायक्रोफोन असलेला हेडसेट घालून बसू लागले. टेलिफोन केंद्रातल्या ऑपरेटरचा वंशज व्हाइटफील्डला कामाला लागला होता.

ही वंशावळ आजच्या महागड्या ब्लूटूथ हेडफोनातही जिवंत आहे. गाणं ऐकताना तो एका पद्धतीने आवाज घेतो, स्टिरिओ आणि बऱ्यापैकी भरीव. मायक्रोफोन चालू झाला की ब्लूटूथ बहुधा दुसऱ्या, टेलिफोनसाठी आखलेल्या पद्धतीवर जातो. तिच्या जुन्या रूपात सेकंदाला ८,००० नमुने घेतले जातात, सुधारलेल्या रूपात १६,०००. सीडीवर ते ४४,१०० असतात. शिवाय दोन कानांचा आवाज एक होतो. लॅपटॉपवर गाणं चालू असताना मीटिंग जोडली आणि गाणं एकदम टिनपाटासारखं झालं, तर हेडफोन बिघडला असं समजू नये. तो पणजोबाच्या वळणावर गेला आहे.

म्हणून माझा सल्ला असा असतो. बेंगळुरूच्या एस. पी. रोडवर किंवा कुठल्याही दुकानात जाताना आपल्या ओळखीचं, चांगलं ध्वनिमुद्रित केलेलं गाणं बरोबर न्या, आणि गाणं सुरू होण्याआधीचा तंबोराच आधी ऐका. खर्ज फुगून पंचमावर पसरत असेल तर तो हेडफोन ठेवून द्या. बाजारातल्या बऱ्याच स्वस्त हेडफोनांत खालचा आवाज मुद्दाम वाढवलेला असतो. पहिल्या मिनिटाला तो भारी वाटतो, तासाभराने डोकं धरतो. मग गांधार आपसूक वर येतो का पाहा. शेवटी जवारी: ती रेशमासारखी उलगडली पाहिजे, पत्र्यावर वाळू सांडल्यासारखी वाजता कामा नये. चारही तारा वेगवेगळ्या ओळखू आल्या तर पुढे षड्ज लावणारा गळाही नीटच ऐकू येईल.

घरात शांतता असेल तर मागून उघडा हेडफोन घ्यावा, तंबोऱ्याभोवतीची हवा त्यातच ऐकू येते. आउटर रिंग रोडवर बसने जाणाऱ्याला तो निरुपयोगी. त्याला बंद किंवा गोंगाट मारणारा हवा. ती कल्पना अमर बोस यांना १९७८ मध्ये विमानप्रवासात सुचली. बाहेरच्या आवाजाची उलटी लाट आत सोडायची आणि दोन्ही लाटांनी एकमेकींना खाऊन टाकायचं, असं ते तंत्र. खालच्या, सलग घरघरीवर ते उत्तम चालतं. पण असा हेडफोन चढवून खऱ्या तंबोऱ्याशेजारी बसलात तर त्याला खर्जही घरघरच वाटेल. रियाजाला तो नको.

नमुन्यांच्या आकड्यांमागे पळू नये. माणसाचा कान ऐन तारुण्यात २०,००० हर्ट्झपर्यंत पोचतो, आणि तेवढ्याला सीडीचा दर्जा पुरतो. महागड्या वायरीत पैसे घालण्यापेक्षा कानावर घट्ट पण न दुखणारी गादी बघावी. गादी नीट न बसल्याने जेवढा खर्ज गळतो तेवढा कुठल्याही वायरीने परत येत नाही. जास्त ओहमचा हेडफोन फोनला झेपत नाही, त्याला वेगळा अ‍ॅम्प्लिफायर लागतो, हे आधी विचारून घ्यावं. आणि आवाज बेताचा. जागतिक आरोग्य संघटना ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास ही मर्यादा सांगते. जवारी ऐकणारा कान एकदा गेला की मिरजेचा कारागीरही तो दुरुस्त करू शकत नाही.

२०२० च्या टाळेबंदीत माझ्या मुलीचं गाणं पुण्याच्या बाईंकडे व्हिडिओ कॉलवर सुरू झालं. पहिल्या दिवशी ती तंबोरा लावून बसली आणि बाई म्हणाल्या, ‘अगं, तंबोरा का नाही लावलास?’ तो तिच्या मांडीशी वाजत होता. कॉलच्या अ‍ॅपने त्याला पंख्यासारखा सलग गोंगाट समजून पुसून टाकलं होतं आणि तिचा आवाज तेवढा नितळ करून पुण्याला पाठवला होता. त्या यंत्राला वाणी हवी होती, ती त्याने पोचवली. दोन दिवस शोधल्यावर सेटिंगच्या आत खोलवर ‘ओरिजिनल साउंड’ असं एक बटण सापडलं. ब्लूटूथ काढून मी तारेचा साधा हेडफोन आणि वेगळा मायक्रोफोन जोडला. मुलीने तंबोरा छेडला. बाई काही क्षण बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, ‘पंचम किंचित उतरलाय गं. मणी थोडा खाली घे.’

तिने मणी सरकवला.