हस्ताचा पाऊस आणि तहसिलीतले पर्जन्यमापक

सप्टेंबरचा शेवटचा आठवडा लागला की देवासच्या आमच्या घरात वर्तमानपत्राच्या आतल्या पानावरील हवामानाचा लहानसा चौकोन आधी वाचला जातो. ‘आकाश अंशतः ढगाळ, काही ठिकाणी हलक्या सरींची शक्यता’ एवढाच मजकूर त्यात असतो. ज्याला नोकरीवर जायचे आहे तो छत्री घ्यावी की नाही एवढे पाहून पान उलटतो. ज्याचे सोयाबीन शेतात कापून पडलेले आहे तो मात्र तोच मजकूर तीनतीनदा वाचतो आणि ‘काही ठिकाणी’ म्हणजे नेमके कोठे, असे विचारतो. महसूल खात्यात तीन दशकांहून अधिक काळ काढलेल्या माणसाला या प्रश्नाचे उत्तर देणे अवघड जाते. कारण त्या चौकोनामागचा इतिहास त्याच्या कचेरीच्या अंगणातून गेलेला असतो.

आमच्या आजोबांच्या पिढीला याच आठवड्यात पाऊस हवा असे. सूर्य साधारण १३ सप्टेंबरला उत्तरा, २७ सप्टेंबरला हस्त आणि १० ऑक्टोबरला चित्रा नक्षत्रात जातो. मराठी कुटुंबे माळव्यात आली ती आपली नक्षत्रे बरोबर घेऊनच. पितृपक्षात शेजारच्या माळवी घरांच्या भिंतींवर मुली शेणाची संजा मांडत आणि ती उठली की आमच्या अंगणात पाटावर हत्ती काढून हादगा सुरू होई. हत्ती हे हस्त नक्षत्राचे चित्र, आणि हादग्याचा फेर म्हणजे एका अर्थी पावसाला घातलेला फेरच. त्या काळी माळव्याच्या काळ्या जमिनीचा मोठा भाग पावसाळ्यात पेरला जात नसे. चार महिने जमीन मोकळी ठेवायची, उघडीप मिळाली की वखर फिरवून तण मारायचे, पाणी मुरू द्यायचे आणि त्या मुरलेल्या ओलीवर ऑक्टोबर-नोव्हेंबरात गहू-हरभरा पेरायचा, ही येथील जुनी रीत. विहिरीचे पाणी थोड्या जमिनीपुरते. बाकीच्या गव्हाची सारी भिस्त जमिनीच्या पोटातल्या ओलीवर. त्यामुळे हस्ताने तोंड फिरवले की दिवाळीच्या आधीच बाजारात गव्हाचा भाव चढू लागे.

या पावसाचे भाकीत घरोघरी पंचांगातून काढले जाई. सूर्य नव्या नक्षत्रात गेला की सूर्यनक्षत्रापासून चंद्रनक्षत्रापर्यंत मोजायचे, नऊने भागायचे, आणि बाकी उरेल त्यावरून वाहन ठरवायचे. घोडा, कोल्हा, बेडूक, मेंढा, मोर, उंदीर, म्हैस, गाढव आणि हत्ती अशी ही नऊ वाहने. बेडूक, म्हैस, हत्ती आले की पाऊस भरपूर, उंदीर किंवा गाढव आले की आजी सुस्कारा टाकी. या गणितात स्थळाला जागाच नाही, हे मला फार उशिरा कळले. रत्नागिरीत आणि देवासात एकाच दिवशी एकच म्हैस येते. तिला हसण्याचे मात्र कारण नाही, कारण सरकारी भाकितालाही स्थळाची जाण यायला शतकाहून अधिक काळ लागला.

मोजण्याची कल्पना मात्र आपल्याकडे पुरातन आहे, आणि ती निघाली ज्योतिष्यांच्या नव्हे, कोठारवाल्यांच्या डोक्यातून. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात पाऊस मोजण्यासाठी एक अरत्नी, म्हणजे सुमारे हातभर रुंद तोंडाचे कुंड ठेवावे असे सांगितले आहे, आणि ते ठेवायचे राज्याच्या कोष्ठागारात. पुढे शेतीच्या प्रकरणात प्रदेशवार पावसाचे मान दिले आहे: अश्मकात साडेतेरा द्रोण, अवंतीत तेवीस द्रोण. अवंती म्हणजे आमचा उज्जैन-देवासचा मुलूख. अश्मक म्हणजे सामान्यतः गोदावरीच्या मधल्या खोऱ्याचा प्रदेश, जेथून आमच्यापैकी अनेकांची घराणी वर आली. पाऊस चांगला झाला असे केव्हा म्हणावे, तर एकतृतीयांश पहिल्या व शेवटच्या महिन्यात आणि दोन तृतीयांश मधल्या दोन महिन्यांत, असेही तेथे नोंदले आहे. इंदुराकडची जून ते सप्टेंबरची सरासरी मांडून पाहिली तर जुलै-ऑगस्टचा वाटा आजही जवळजवळ तेवढाच भरतो. उज्जैनशी ज्याचे नाव जोडले जाते त्या वराहमिहिराने बृहत्संहितेत मेघांच्या गर्भधारणेवर आणि पर्जन्यमानावर अध्याय लिहिले. पण कुंड कोठारात ठेवणाऱ्या कौटिल्याची दृष्टी मला अधिक ओळखीची वाटते. पाऊस किती पडला यावर धान्य किती येणार, आणि धान्य किती येणार यावर वसूल किती मागायचा.

इंग्रजी अमलात हवामान खाते जन्मले तेही संकटांतून. १८६४ मध्ये कलकत्त्याला चक्रीवादळाने झोडपले, १८६६ आणि १८७१ मध्ये मान्सूनने दगा दिला, आणि १८७५ मध्ये भारतीय हवामान खाते स्थापन होऊन हेन्री ब्लॅनफर्ड त्याचे पहिले प्रमुख झाले. हिमालयावरचा बर्फ आणि पुढचा मान्सून यांचा संबंध त्यांनी १८८४ मध्ये मांडला, आणि ४ जून १८८६ पासून हंगामाची नियमित भाकिते सुरू झाली. १९०४ मध्ये आलेल्या गिल्बर्ट वॉकर यांनी पॅसिफिक आणि हिंदी महासागरांवरील वायुदाबाचा झोका शोधून काढला. त्यावर आज सारे जग बोलते. पण ही सर्व भाकिते अख्ख्या देशाची आणि अख्ख्या हंगामाची. संवत १९५६ चा, म्हणजे १८९९ चा पाऊस गेला तेव्हा दुष्काळ कधी न पाहिलेला देश अशी ख्याती असलेल्या माळव्यालाही छप्पनच्या दुष्काळाने गाठले.

आमच्या देवासात तेव्हा एका गावात दोन गाद्या होत्या, थोरली पाती आणि धाकटी पाती. दोघांची दप्तरे वेगळी, दोघांचे वसूल वेगळे; ढग मात्र सामाईक. १९४८ मध्ये दोन्ही पात्या मध्य भारतात आणि १९५६ मध्ये मध्य प्रदेशात विलीन झाल्या, आणि पाऊस मोजणे हे सरळ तहसिलीचे काम झाले. उज्जैनला मात्र एक वेगळी परंपरा राहिली. सवाई जयसिंगाच्या वेधशाळेचा माधवराव शिंद्यांनी १९२३ च्या सुमारास जीर्णोद्धार केला, गोविंद सदाशिव आपटे यांच्यासारखा मराठी ज्योतिर्विद तिचा अधीक्षक झाला, आणि उज्जैनचे तापमान व पाऊस सांगताना वर्तमानपत्रे आजही ‘जीवाजी वेधशाळेनुसार’ असेच लिहितात. बाकीच्या लहान गावांना वेधशाळा कोठली? त्यांच्या वाट्याला तहसिलीतले पर्जन्यमापक.

हे यंत्र ज्यांनी पाहिले नसेल त्यांच्यासाठी सांगतो. एक नळकांडे, वर काठ असलेले नरसाळे, आत बाटली आणि शेजारी कपाटात खुणांचा काचेचा पेला. काठ जमिनीपासून सुमारे ३० सेंटिमीटर उंच असावा आणि जवळचे झाड अथवा भिंत आपल्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर असावी, असा नियम. रोज सकाळी साडेआठला बाटलीतले पाणी पेल्यात ओतायचे, आकडा नोंदवहीत चढवायचा आणि जिल्ह्याला कळवायचा. आमच्या प्रांतात हे काम अधीक्षक, भू-अभिलेख यांच्याकडे एकवटते, म्हणजे ज्या खात्यात जमिनीचे नकाशे त्याच खात्यात पाऊस. कौटिल्याला यात काही नवल वाटले नसते.

नोकरीच्या आरंभी, १९८० च्या दशकात, नायब तहसीलदार म्हणून मी एका लहान तहसिलीत होतो. गावाचे नाव येथे नको. तेथील पर्जन्यमापकावर कडुनिंबाची फांदी आली होती. ती तोडण्याचा प्रस्ताव तीन वर्षे कागदावर हिंडत होता. पण खरी गोष्ट फांदीची नाही. नवरात्राच्या सुमारास मी साप्ताहिक गोषवाऱ्यावर सही केली. त्यात सातही दिवस पाऊस निरंक होता. सात शून्ये एका टाकाने, एका शाईने, एकाच बैठकीत लिहिलेली. हे माझ्या डोळ्यांना दिसले नाही असे नव्हे, पण ढीगभर कागदांत ते मनावर उमटले नाही. लिपिक सणासाठी गावी गेला होता आणि शिपायाने बाटली उघडलीच नव्हती. त्याच आठवड्यात दोन रात्री तालुक्याच्या दक्षिणेस मुसळधार पाऊस झाला होता.

पंधरवड्याने तिकडचे शेतकरी कचेरीत आले. सोयाबीन नवे होते, लोक हौसेने पेरू लागले होते. कापून सुकत घातलेल्या पिकाला शेंगेतच कोंब फुटले होते. महसूल पुस्तक परिपत्रकाच्या ६(४) खाली मदतीचा प्रस्ताव करायचा तर पहिला प्रश्न पावसाचा, आणि पावसाच्या वहीत माझ्या सहीखाली शून्य. एक म्हातारा बाबा काळे पडलेले दाणे धोतराच्या सोग्यात घेऊन आला होता. त्याने ते माझ्या टेबलावर ओतले आणि म्हणाला, साहेब, हे कशाने भिजले ते तुम्हीच सांगा. मी पटवाऱ्यांना पाठवून पंचनामे करवले, नोंद चुकीची असल्याचा अहवाल स्वतःच्या सहीविरुद्ध लिहिला. काही गावांना मदत मिळाली, उशिराने. काहींना मिळाली नाही, कारण तोवर शेते मोकळी होऊन गव्हासाठी नांगरली गेली होती. त्या बाबांचे गाव दुसऱ्या यादीत होते.

त्या म्हाताऱ्याच्या सोग्यातल्या दाण्यांत या साऱ्या बदलाचा इतिहास होता. १९७० नंतर सोयाबीन माळव्यात पसरले, १९८७ मध्ये इंदूरला त्याचे राष्ट्रीय संशोधन केंद्र निघाले, आणि जी जमीन पावसाळ्यात मोकळी असे ती हिरवी झाली. हे पीक साधारण तीन-साडेतीन महिन्यांचे. जूनअखेरीस पेरलेले सप्टेंबरच्या मध्यापासून कापणीला येते, म्हणजे नेमके उत्तरा-हस्तात. आजोबा ज्या पावसाची वाट पाहत, तोच पाऊस नातवाला नको झाला. रब्बीची ओल तरी गेली कोठे? ती आधी कूपनलिकांत गेली. कूपनलिका आटल्यावर १९९० मध्ये इंदुराहून आगगाडीने देवासला पाणी आणण्याची पाळी आली. पुढे २००६ पासून जिल्ह्यात शेततळी खोदण्याची मोहीम झाली आणि ज्याने आपल्या जमिनीचा तुकडा देऊन तळे केले, त्याला हस्ताचा पाऊस पुन्हा थोडासा आपला वाटू लागला. एकाच शेतकऱ्याचे तळे पाऊस मागते आणि खळे तो नको म्हणते. अशा माणसाला ‘हलक्या सरींची शक्यता’ ही शुभवार्ता की वाईट बातमी?

या आठवड्याचे भाकीत अवघड का, तेही समजून घ्यावे. जुलै-ऑगस्टचा पाऊस रोजचा असतो. सप्टेंबरअखेरचा पाऊस बहुधा बंगालच्या उपसागरातून निघून ओडिशा-छत्तीसगड ओलांडत आलेल्या एखाद्या कमी दाबाच्या क्षेत्राचा असतो. ते वाटेत उत्तरेला वळले तर माळवा कोरडा, सरळ पश्चिमेला आले तर दोन दिवसांत महिन्याची भरपाई. २०१९ मध्ये सप्टेंबरच्या मध्यास मंदसौरकडे असाच पूर आला. त्या वर्षी मान्सूनची परती देशात सुरू झाली तीच ९ ऑक्टोबरला, इतकी उशिरा की तशी नोंद पूर्वी नाही. २०२३ मध्ये ऑगस्ट देशभर कोरडा गेला आणि सप्टेंबरच्या मध्यात इंदूर-उज्जैनकडे पावसाने कहर केला. पश्चिम राजस्थानातून मान्सून परतण्याची सर्वसाधारण तारीख पूर्वी १ सप्टेंबर धरत. २०२० मध्ये खात्याने ती १७ सप्टेंबर केली. तारीख कागदावर सरकली, पण सोयाबीनची कापणी काही सोळा दिवस सरकली नाही.

भाकीत गावापर्यंत उतरले तेही हळूहळू. शेतकऱ्यांसाठी आकाशवाणीवरून हवामानवार्ता १९४५ मध्ये सुरू झाली; जिल्हावार पाच दिवसांचा अंदाज २००८ नंतर मिळू लागला, आणि त्याला जोडून मंगळवारी व शुक्रवारी शेतीचा सल्ला. २०१६ च्या पीकविमा योजनेत कापून शेतात सुकत घातलेल्या पिकाला चौदा दिवसांपर्यंत अवकाळी पावसापासून संरक्षण आहे. मात्र नुकसानीची खबर बहात्तर तासांत द्यावी लागते. म्हणजे हवामानाचा चौकोन आता पावसाआधीही वाचायचा आणि नंतरही. आणि वाद पडला की सगळे पुन्हा त्याच प्रश्नाशी येतात: त्या दिवशी, त्या जागी, किती मिलिमीटर?

दोन वर्षांपूर्वी त्याच तहसिलीवरून जाण्याचा योग आला. कडुनिंब आता नाही. अंगणात कुंपण घालून स्वयंचलित केंद्र उभे आहे, आणि शेजारी जुने नळकांडे अजून आहे. तरुण लिपिकाने नोंदवही दाखवली. पाऊस दोन रकान्यांत लिहिलेला होता, एक यंत्राचा, एक पेल्याचा. आदल्या दिवशीचा फरक चार मिलिमीटरचा होता. मी विचारले, वर कोणता आकडा पाठवता? तो म्हणाला, साहेब, दोन्ही पाठवतो. मग मी शाई पाहिली. प्रत्येक दिवसाची वेगळी होती.