पिसाच्या मनोऱ्यापलीकडे

पिसा या इटालियन नगराचे नाव निघताच झुकलेला मनोरा डोळ्यांपुढे उभा राहतो. वास्तविक ११७३ मध्ये बांधावयास घेतलेला हा मनोरा म्हणजे शेजारच्या कॅथीड्रलचे घंटाघर होय. बहुतेक प्रवासी घंटाघर पाहून परततात. कॅथीड्रलमध्ये काय घडले, याची चौकशी फार थोडे करतात.

१३७८ पासून पाश्चात्य ख्रिस्तसभा दुभंगलेली होती. एक पोप रोममध्ये, दुसरा अ‍ॅव्हिन्यॉनमध्ये. हा केवळ सत्तालोभी माणसांचा कलह नव्हता. सिएनाची संत कॅथरीन रोमच्या पक्षात होती, तर संत व्हिन्सेंट फेरर दीर्घकाळ अ‍ॅव्हिन्यॉनच्या. सामान्य भाविकाने कोणाचे ऐकावे?

दोन्ही पक्षांतील कार्डिनलांनी अखेर पुढाकार घेतला व २५ मार्च १४०९ रोजी याच कॅथीड्रलमध्ये धर्मपरिषद भरली. दोन्ही पोपांना बोलावणे गेले. दोघेही आले नाहीत. ५ जून रोजी परिषदेने ग्रेगरी बारावे व बेनेडिक्ट तेरावे या दोघांनाही पदच्युत केले आणि २६ जूनला अलेक्झांडर पाचवे यांची निवड झाली. परंतु पहिल्या दोघांनी पद सोडले नाही. दोहोंचा एक करावयास जमलेल्या परिषदेने दोहोंचे तीन केले! अलेक्झांडर यांची गणना आज रोमच्या अधिकृत पोपांत होत नाही.

हेतू शुद्ध होता, विद्वत्ता उणी नव्हती; मग उणे कशाचे होते? उत्तरासाठी कॅथीड्रलजवळच्या 'काम्पो सांतो' या दफनभूमीत जावे. तेथील 'मृत्यूचा विजय' हे बुफाल्माको याचे मानले जाणारे भित्तिचित्र परिषदेच्या वेळी सुमारे सत्तर वर्षांचे होते. शिकारीस निघालेले उंची वस्त्रांतील स्वार तीन उघड्या शवपेट्यांपुढे थबकले आहेत, असे दृश्य त्यात आहे. मोठेपणाचा शेवट कोठे होतो, हे भिंत सांगत होती. २७ जुलै १९४४ रोजी युद्धातील तोफमाऱ्याने या वास्तूला आग लागली, छपराचे शिसे वितळून भिंतींवर ओघळले. दीर्घ परिश्रमांनी सावरलेले हे चित्र २०१८ मध्ये आपल्या जागी परतले.

फूट मिटली ती कॉन्स्टन्सच्या परिषदेत. १४१५ मध्ये ग्रेगरी बारावे यांनी स्वतः पदत्याग केला. पिसाच्या परंपरेतील तेविसावे जॉन आणि बेनेडिक्ट यांना मात्र पदच्युत करावे लागले. १४१७ मध्ये मार्टिन पाचवे यांची निवड झाली आणि ख्रिस्तसभेला पुन्हा एक पोप लाभला. बेनेडिक्ट मृत्यूपर्यंत आपला हक्क सांगत राहिले. ग्रेगरी यांनी तो सोडला, आणि एकीची वाट मोकळी झाली.

आता परतताना मनोऱ्याकडे पुन्हा पाहावे. तो कोसळेल या भीतीने १९९० मध्ये बंद करण्यात आला व २००१ मध्ये पुन्हा उघडला. तज्ज्ञांनी खचलेली दक्षिण बाजू बळाने उचलली नाही. उंच राहिलेल्या उत्तर बाजूखालील माती त्यांनी थोडी थोडी काढून घेतली. उंच बाजू किंचित खाली आली आणि मनोरा सावरला.

आपल्या मंडळींतील तंटे मिटवावयास बसताना आपण दुसऱ्याचा कल मोजतो. आपल्या बाजूची माती काढावयास कितीजण तयार असतात?